मॅकचं कौतुक सगळे करतात, मग घेणारे इतके कमी का?

अनुराधा_नक्षत्र

संगणकांचा विषय निघाला की ॲपलच्या मॅकला वाईट म्हणणारं माणूस फारसं भेटत नाही. जन्मभर विंडोज वापरलेले लोकसुद्धा पडदा सुरेख आहे, बॅटरी टिकते, पंख्याची घरघर नाही, एवढं मोकळेपणाने कबूल करतात. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलच्या स्वतःच्या एम१ चिपचे मॅक आले तेव्हा तर ॲपलवर एरवी कडक टीका करणाऱ्यांनीही मनापासून दाद दिली. तरी जगभरात दरवर्षी जे वैयक्तिक संगणक विकले जातात त्यांत ॲपलचा वाटा नऊ टक्क्यांच्या आसपासच घुटमळतोय. एकटी लेनोव्हो ही कंपनी त्याच्या अडीच पटींहून जास्त संगणक विकते.

याचं नेहमी दिलं जाणारं उत्तर इतिहासातलं आहे. आयबीएमचा पीसी ऑगस्ट १९८१ मध्ये आला. तो बाजारात कुणालाही मिळतील अशा सुट्या भागांचा बनवलेला होता, आणि त्याची प्रणाली, म्हणजे संगणक चालवणारा मूळ प्रोग्राम, मायक्रोसॉफ्टकडून घेतलेली होती. मायक्रोसॉफ्ट तीच प्रणाली इतरांनाही विकू शकत होती. कॉम्पॅकने आयबीएमशी जुळणारं यंत्र स्वतः बनवलं, मग बाकीच्या कंपन्या आल्या, स्पर्धा वाढली, किमती उतरल्या. लोटस १-२-३ हा हिशेबाचा प्रोग्राम १९८३ मध्ये त्याच यंत्रावर आला आणि कचेऱ्यांनी पीसी घेण्याचं कारण ठरला.

मॅक बाजारात उतरला २४ जानेवारी १९८४ ला. किंमत २,४९५ डॉलर, मेमरी १२८ केबी, आणि जास्तीचं कार्ड बसवायला आत जागाच नाही. माऊस, खिडक्या, चित्रांचे आयकॉन यांमुळे तो वेगळा दिसत होता, वेगळा होताही. पण कचेऱ्यांना लागणारे प्रोग्राम तोवर दुसरीकडे रुजले होते. जून १९८५ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टच्या बिल गेट्स यांनी ॲपलला लिहून कळवलं होतं की मॅकचं तंत्रज्ञान इतर कंपन्यांना परवान्यावर द्या. ॲपलने ते केलं १९९५ मध्ये, म्हणजे विंडोज ९५ येण्याच्या वर्षी. १९९७ मध्ये ॲपलचे एक संस्थापक स्टीव्ह जॉब्ज कंपनीत परतले आणि त्यांनी तो प्रयोग बंद केला.

हे सगळं खरं आहे, पण आजच्या परिस्थितीला ते पुरेसं उत्तर वाटत नाही. आज निम्मं काम ब्राउझरमध्ये होतं. आयफोन कोट्यवधी लोकांच्या खिशात आहे, म्हणजे ॲपलची ओळख करून द्यावी लागत नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या निर्णयांचा भार अजून इतका कसा राहतो? ज्यांनी मॅक घ्यायचा विचार केला आणि घेतला नाही, किंवा घेऊन सोडला, त्यांचं ऐकायला आवडेल.

हेमगर्भ

किंमत. एका मॅकबुकच्या पैशात दोन साधे लॅपटॉप येतात. शिकणारी दोन मुलं असली की हिशेब तिथेच संपतो. शिवाय मेमरी किंवा साठवणीची जागा वाढवून घ्यायची तर ॲपल जे जास्तीचे पैसे लावते ते बाजारभावाच्या कितीतरी वर असतात. आठ जीबी मेमरीचं पायाभूत मॉडेल वर्षानुवर्षं तसंच विकलं, ऑक्टोबर २०२४ मध्ये कुठे सोळा जीबी दिली.

अनुराधा_नक्षत्र

हेमगर्भ, किंमत हे कारण आहेच. पण जानेवारी २००५ मध्ये ॲपलने ४९९ डॉलरचा मॅक मिनी काढला होता. पडदा, कीबोर्ड, माऊस तुमचा तुम्ही जोडायचा. तो बऱ्यापैकी विकला गेला, पण लोकांचा ओघ काही वळला नाही. २००८ मध्ये जॉब्ज यांनी उघड सांगितलं की पाचशे डॉलरमध्ये टाकाऊ नसेल असा संगणक कसा करायचा ते आम्हाला ठाऊक नाही, म्हणजे स्वस्त बाजार त्यांनी जाणूनबुजून सोडला.

मला जास्त कुतूहल आहे ते मॅकइतकेच, किंवा मॅकपेक्षाही जास्त पैसे मोजून विंडोजचा लॅपटॉप घेणाऱ्यांचं. त्यांना पैशाची अडचण नाही. मॅक चांगला आहे हेही ते मानतात. मग कशाला अडतात?

रेवा_काठ

वाचतेय. चांगला विषय.

साठवणघर

अनुराधाताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या कामात रोज समोर येतं. मी संस्थांसाठी संगणक निवडते आणि सांभाळते.

जगातले कितीतरी संगणक वापरणारा स्वतः विकत घेत नाही. त्याच्यासाठी दुसरं कुणीतरी घेतं. वापरणाऱ्याला पडदा, बॅटरी, वजन दिसतं. घेणाऱ्याला दिसतं ते पुढच्या पाच वर्षांचं वेळापत्रक: किती यंत्रं कधी बदलायची, कोणता प्रोग्राम कधी बंद पडेल, सुरक्षेचे सुधार कधीपर्यंत येत राहतील.

मॅक कचेरीत त्रास देतो हा समज मला पटत नाही. आयबीएमने स्वतःच्या कर्मचाऱ्यांना मोठ्या संख्येने मॅक दिले तेव्हा २०१५ मध्ये जाहीर केलं होतं की मॅकवाल्यांपैकी ५ टक्के लोकांनाच मदतकक्षाची गरज लागते, पीसीवाल्यांत तेच प्रमाण ४० टक्के आहे. माझा अनुभवही साधारण याच बाजूचा आहे. एकदा नीट लावून दिला की मॅकवाला माणूस फोन करत नाही.

अडचण आहे ती तारखांची. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं आणि त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे मायक्रोसॉफ्टने सुरुवातीलाच लिहून दिलं होतं. दहा वर्षं आधी! त्या तारखेवर बोट ठेवून मला संचालकांसमोर खर्च मांडता आला. मॅकओएस या मॅकच्या प्रणालीची एखादी आवृत्ती कोणत्या तारखेला निराधार होणार हे ॲपल असं छापून देत नाही. साधारणपणे शेवटच्या तीन आवृत्त्यांना सुरक्षा सुधार मिळतात हे आम्ही निरीक्षणाने ओळखलेलं आहे. ॲपलच्या जूनमधल्या वार्षिक परिषदेनंतर कळतं की यंदा कोणती मॉडेल यादीतून गळली. घरच्या माणसाला याने काही फरक पडत नाही. चारशे यंत्रं सांभाळणाऱ्या माणसाची झोप मात्र यावर अवलंबून असते.

आणखी एक. ॲपल सर्व्हरही बनवत असे, नाव एक्ससर्व्ह. नोव्हेंबर २०१० मध्ये घोषणा झाली की ३१ जानेवारी २०११ नंतर मिळणार नाही. ज्यांनी आपली यंत्रणा त्यावर उभी केली होती त्यांना तीन महिन्यांपेक्षा कमी वेळ मिळाला. मॅकओएस सर्व्हर हा उरलेला प्रोग्रामही एप्रिल २०२२ मध्ये बंद झाला. खरेदी विभागाची स्मरणशक्ती फार लांबची असते.

ताळेबंद

साठवणघर यांनी जे तारखांबद्दल सांगितलं तेच एक्सेलबद्दल सांगता येतं.

एक्सेल मुळात मॅकवर जन्मलं, १९८५ मध्ये. विंडोजवर ते दोन वर्षांनी आलं. असं असूनही हिशेबाच्या क्षेत्रातला माणूस मॅक का टाळतो? कारण मॅकवरचं एक्सेल दिसायला तेच असलं तरी आत तेवढं नसतं. मोठ्या माहितीचा हिशेब लावणारं पॉवर पिव्हट मॅकवर नाही. माहितीसाठा सांभाळणारं ॲक्सेस तर मॅकवर कधी आलंच नाही. जुन्या फाइलींमध्ये ॲक्टिव्हएक्स या विंडोजच्या तंत्राची बटणं घातलेली असतात, ती मॅकवर चालत नाहीत.

सगळ्यात मोठा घाव होता ऑफिस २००८ चा. मायक्रोसॉफ्टने मॅकच्या त्या आवृत्तीतून व्हीबीए मॅक्रो, म्हणजे ठरलेली कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम, काढूनच टाकले. ऑफिस २०११ मध्ये ते परत आले. पण मधल्या काळात ज्या संस्थेची मासिक विवरणं मॅक्रोवर चालत होती तिने काय करायचं होतं? आमच्या धंद्यात फाइल एकट्याची नसते. ती लेखापरीक्षकाकडे जाते, बँकेकडे जाते, ग्राहकाकडे जाते, परत येते. समोरच्याकडे उघडल्यावर एक बटण चाललं नाही तर चूक माझी ठरते. ही जोखीम कुठलाही लेखापाल सुंदर पडद्यासाठी घेणार नाही, आणि त्याने घेऊही नये.

कीबोर्डचंही आहेच. विंडोजवर ऑल्ट दाबून अक्षरांच्या ओळीने आज्ञा द्यायची बोटांना इतकी सवय असते की डोकं त्यात लागतच नाही. मॅकवर ती सोय अनेक वर्षं नव्हती. नव्या जागी बसून पहिल्या आठवड्यात आपण नवशिके होतो, आणि वर्षअखेरीच्या कामात ते परवडत नाही.

हेमगर्भ

बोटांच्या सवयीचा मुद्दा सोळा आणे खरा.

पटावरचा_घोडा

खेळांवर अजून कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. मी खेळांचं प्रोग्रामिंग करतो.

तरुण मुलगा स्वतःच्या पैशाने पहिला संगणक घेतो तेव्हा बहुतेक वेळा डोक्यात खेळ असतात. मॅक तिथेच बाद होतो. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानाच्या दरमहा होणाऱ्या पाहणीत मॅकवाले दोन टक्क्यांच्या आसपास असतात. इतक्या थोड्या लोकांसाठी वेगळी आवृत्ती काढून ती वर्षानुवर्षं सांभाळणं छोट्या चमूला झेपत नाही. खेळ नाहीत म्हणून खेळणारे नाहीत, खेळणारे नाहीत म्हणून खेळ नाहीत.

हे अटळ होतं असं मला वाटत नाही. 'हेलो' हा खेळ जगाला पहिल्यांदा दाखवला गेला तो १९९९ मध्ये मॅकवर्ल्ड या मॅकच्या मेळाव्याच्या मंचावर, जॉब्ज यांनी स्वतः ओळख करून देऊन. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने बंजी ही कंपनी विकत घेतली आणि तोच खेळ त्यांच्या एक्सबॉक्स या खेळयंत्राचा आधारस्तंभ झाला. मॅकच्या हातून काय निसटलं हे आजही जाणवतं.

पण त्याहून जास्त नुकसान नंतरच्या निर्णयांनी केलं. खेळातली चित्रं पडद्यावर उमटवायला प्रोग्रामरला एक साधन लागतं. ॲपलने २०१८ मध्ये सगळीकडे चालणारं ओपनजीएल मोडीत काढायचं ठरवलं, त्याच्या जागी आलेल्या व्हल्कनला स्वतःहून आधार दिला नाही, आणि आम्हाला स्वतःचं मेटल वापरायला सांगितलं. मेटल चांगलं आहे, मी त्यात काम केलंय. पण ते फक्त ॲपलच्या यंत्रांवर चालतं. मग २०१९ मध्ये कॅटालिना ही मॅकओएसची आवृत्ती आली आणि तिने ३२ बिटचे, म्हणजे जुन्या घडणीचे, सगळे प्रोग्राम एका रात्रीत बंद केले. लोकांनी पैसे देऊन घेतलेले किती जुने खेळ गेले! त्यांतल्या बऱ्याच खेळांच्या कंपन्या तोवर शिल्लकही नव्हत्या, दुरुस्त करणार कोण? याच काळात विंडोज १० च्या ३२ बिट आवृत्तीवर विंडोज ३.१ च्या जमान्यातले प्रोग्रामसुद्धा चालवता येत होते.

२०२३ पासून ॲपल विंडोजचे खेळ मॅकवर आणायला साधनं देतेय, 'सायबरपंक २०७७' सारखा जड खेळ जुलै २०२५ मध्ये मॅकवर आला, चिपा तर उत्तमच आहेत. तरी खेळ बनवणारे बिचकतात, कारण आज ज्या पायावर बांधू तो पाच वर्षांनी ॲपल काढून घेणार नाही याची खात्री त्यांना वाटत नाही.

सलिल_ध्वनी

चित्रपट-संकलनातही अगदी हेच घडलंय.

आम्ही लोक मॅकचे सर्वांत निष्ठावान गिऱ्हाईक. १९८५ मध्ये लेझररायटर हा छपाईयंत्र आणि पेजमेकर हा पानं मांडायचा प्रोग्राम आल्यावर छपाईवाल्यांनी मॅकला जसं उचलून धरलं, तसं पुढे फायनल कट या ॲपलच्या संकलन प्रोग्रामने संकलकांना बांधून ठेवलं. जून २०११ मध्ये फायनल कट प्रो टेन आलं. त्यात आधीच्या आवृत्तीचे प्रकल्प उघडत नव्हते. अनेक कॅमेऱ्यांचं चित्रण एकत्र कापायची सोय पहिल्या दिवशी नव्हती. आणि जुनी आवृत्ती विक्रीतून काढून घेतली. ओरड झाल्यावर ती काही काळाने परत मिळू लागली, उणीव असलेल्या सोयीही एकेक करून आल्या, आज ते वेगवान साधन आहे. पण मधल्या काळात माझ्या ओळखीचे कितीतरी संकलक प्रीमियर आणि ॲव्हिड या दुसऱ्या संकलन प्रोग्रामांकडे गेले. ते प्रोग्राम विंडोजवरही चालतात, त्यामुळे पुढचा संगणक घेताना मॅकच हवा ही अटच उरली नाही.

त्यातच २०१३ चा तो काळा, नळकांड्यासारखा मॅक प्रो. आत नवी, जास्त ताकदीची चित्रकार्डं बसवायला वाव नव्हता. एप्रिल २०१७ मध्ये ॲपलने पत्रकारांना बोलावून मान्य केलं की उष्णतेच्या बाबतीत आपण स्वतःला कोपऱ्यात अडकवून घेतलं. नवा मॅक प्रो आला डिसेंबर २०१९ मध्ये. सहा वर्षं! या धंद्यात सहा वर्षं कुणी थांबत नाही.

वाऱ्यावरची_वरात_नको

वरच्या सगळ्यांबद्दल आदर ठेवून वेगळं मत मांडतो.

तुम्ही ज्याला दोष म्हणताय तो मॅकचा प्राण आहे. १९९४ मध्ये मोटोरोलाच्या ६८००० घराण्याच्या प्रोसेसरवरून पॉवरपीसी प्रोसेसरवर, २००६ मध्ये इंटेलवर, २०२० मध्ये स्वतःच्या चिपेवर. प्रोसेसरचं अख्खं घराणं तीनदा बदलून जिवंत राहिलेला दुसरा वैयक्तिक संगणक दाखवा. प्रत्येक वेळी जुनं काही वर्षं सांभाळलं आणि मग सोडून दिलं. १९९८ च्या आयमॅकमध्ये फ्लॉपी नव्हती तेव्हाही लोक ओरडले होते. ३२ बिटचं ओझं २०१९ मध्ये टाकलं नसतं तर पुढच्याच वर्षी एम१ वर उडी इतकी सफाईने बसली नसती. मायक्रोसॉफ्टने एम१ च्याच जातीच्या एआरएम चिपांवर विंडोज न्यायचा प्रयत्न २०१२ मध्येच सुरू केला होता, तो इतकी वर्षं रखडला तो प्रत्येक जुना प्रोग्राम चालला पाहिजे या अपेक्षेमुळेच.

आणि हिस्सा कमी म्हणजे अपयश, हे कुणी ठरवलं? २०२३ च्या आर्थिक वर्षात ॲपलने मॅक विकून सुमारे २,९४० कोटी डॉलर मिळवले. तेही आयफोनच्या २०,००० कोटींपुढे छोटे. स्वस्त यंत्रं काढून हिस्सा वाढवायची त्यांना गरजच नाही.

अनुराधा_नक्षत्र

तुमचा पहिला मुद्दा मला पूर्ण पटला, आणि माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर त्यातच सापडतंय असं वाटतं. जुनं निर्दयपणे सोडण्याच्या तयारीमुळेच मॅक इतका चांगला होतो, आणि त्याच तयारीमुळे ज्याला दहा वर्षांचा भरवसा हवा तो जवळ येत नाही. लेखापाल, खेळ बनवणारा, संकलक, खरेदी करणारा अधिकारी, सगळ्यांनी वेगवेगळ्या वाटेने तेच सांगितलं.

दुसरा मुद्दा मात्र मान्य नाही. ॲपलच्या भागधारकाला कमी हिस्सा चालेल. मॅक वापरणाऱ्याला तो चालत नाही. एक्सेल अपुरं राहतं ते वापरणारे कमी म्हणून. खेळ येत नाहीत ते त्याचमुळे. अभियांत्रिकीतले कितीतरी आरेखन प्रोग्राम मॅकसाठी निघतच नाहीत. एनव्हिडियाच्या चित्रकार्डांवर जड गणितं करवून घेणारं कुडा मॅकवर चालत नाही, त्यामुळे यंत्रशिक्षणाचे विद्यार्थी मोठ्या कामासाठी दुसरं यंत्र शोधतात. ही किंमत आपण भरतो, ॲपल नाही. जिव्हाळा आहे म्हणूनच हे बोलावंसं वाटतं.

सुटे_भाग

दुरुस्तीचं कुणी लिहिलं नाही. मी लॅपटॉप दुरुस्त करते.

मॅकबुकमध्ये मेमरी आणि साठवण दोन्ही मुख्य पाटीवर डकवलेली असतात. घेताना जे घेतलं ते शेवटपर्यंत. साठवणीची चिप गेली तर अख्खी पाटी बदलावी लागते, आणि माहितीची प्रत नसेल तर माहितीही गेली. एम मालिकेत मेमरी चिपेच्या इतकी जवळ ठेवण्यामागे वेगाचं खरं कारण आहे, ते मी मानते. साठवणीबाबत तसं कारण मला पटत नाही, कारण ॲपलच्याच मॅक स्टुडिओ या मेजावरच्या संगणकात ती काढता येईल अशा तुकड्यावर आहे. २०१५ पासूनचा तो फुलपाखरू कीबोर्ड आठवा. धुळीच्या कणाने कळ अडायची, आणि दुरुस्तीसाठी वरचा पूर्ण भाग बॅटरीसकट बदलावा लागे. ॲपलने २०१८ मध्ये मोफत दुरुस्ती जाहीर केली आणि २०१९ च्या अखेरीस जुन्या पद्धतीचा कीबोर्ड परत आणला.

मॅक क्वचित बिघडतो हे खरं, मी रोज पाहते. पण बिघडला की सगळ्यात महाग बिघडतो. जवळ अधिकृत दुरुस्ती केंद्र नसलेल्या माणसाने याच कारणासाठी तो टाळला तर मी त्याला भित्रा म्हणणार नाही. २०२२ मध्ये ॲपलने काही देशांत सुटे भाग आणि दुरुस्तीची पुस्तकं ग्राहकांना द्यायला सुरुवात केली, ते पाऊल चांगलं आहे, पुढे जायला हवं.

हेमगर्भ

साठवणघर, एक विचारतो. तुमच्या हातात एकच मागणी असती तर ॲपलकडे काय मागितलं असतं? किंमत कमी करा, असं मी म्हणेन.

साठवणघर

मी किंमत मागणार नाही. चार-पाच वर्षांच्या वापरावर आणि नंतरच्या पुनर्विक्रीवर हिशेब केला तर फरक पुष्कळसा भरून येतो. मी तारखा मागेन. कोणतं मॉडेल कधीपर्यंत, कोणती आवृत्ती कधीपर्यंत, विकत घेण्याच्या दिवशीच लेखी.

हे त्यांना जमत नाही असंही नाही. जून २०२५ मध्ये त्यांनी पहिल्यांदा स्पष्ट सांगितलं की मॅकओएस २६ ही इंटेलच्या मॅकसाठी शेवटची आवृत्ती असेल, आणि इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्राम चालवणारं रोझेटा मॅकओएस २७ पर्यंत पूर्ण स्वरूपात राहील. आमच्याकडे त्या एका घोषणेवर जुनी यंत्रं बदलायचा आराखडा तयार झाला, खर्चाला मंजुरी मिळाली. आरेखन विभागासाठी पुन्हा मॅकच घ्यायचे ठरले, आणि ध्वनिमुद्रणवाल्यांनीही पहिल्यांदाच मागणी केली. हिशेब विभाग विंडोजवरच राहील, ताळेबंद यांनी सांगितलेल्या कारणांसाठी.

ताळेबंद

पॉवर पिव्हट मॅकवर आलं की मला कळवा. त्या दिवशी मी स्वतः आमच्या विभागात शब्द टाकेन.